भट्टीचे पाणी फिरवणारा पंप

कोल्हापूर परिसरातील शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्रींमध्ये बिडाचा रस साधारण 1,400 ते 1,500 अंश सेल्सिअसला तयार होतो. इंडक्शन भट्टीत या रसापासून लायनिंगच्या थराएवढ्याच अंतरावर तांब्याची कॉइल असते, आणि तांबे तर 1,085 अंशांनाच वितळते. कॉइल शाबूत राहते ती तिच्या पोकळ नळीतून अखंड वाहणाऱ्या पाण्यामुळे. भट्टीला दिलेल्या विजेचा ढोबळमानाने पाचवा हिस्सा उष्णता होऊन या पाण्यात उतरतो आणि कूलिंग टॉवरवाटे हवेत जातो.

पाणी किती लागते, हे तापमानाच्या फरकावर ठरते. 500 किलोवॉटच्या भट्टीतून 100 किलोवॉट उष्णता पाण्यात येत असेल आणि पाणी 10 अंशांनी तापू दिले, तर मिनिटाला सुमारे 143 लिटर पुरतात. फरक 5 अंशच असेल तर दुप्पट पाणी फिरत आहे असे समजावे. पंप निवडताना खबरदारी म्हणून गरजेपेक्षा मोठा घेतला जातो आणि मग व्हॉल्व्ह अर्धवट बंद करून प्रवाह आवरला जातो. पंपाने पाण्याला दिलेल्या दाबाचा मोठा भाग त्या व्हॉल्व्हमध्येच वाया जातो. विजेची खरी गळती इथे आहे.

त्याऐवजी ड्राइव्ह बसवून मोटरचा वेग उतरवता येतो. सेंट्रिफ्युगल पंपात प्रवाह वेगाच्या प्रमाणात, दाब वर्गाच्या आणि शक्ती घनाच्या प्रमाणात बदलते. मिनिटाला 1,450 फेऱ्यांचा पंप 1,160 फेऱ्यांवर आणला की प्रवाह 80 टक्के उरतो, शक्ती मात्र जवळपास 51 टक्केच लागते. 10 किलोवॉट घेणारा पंप 20 तास चालत असेल तर दिवसाला सुमारे 98 युनिट वाचतात. हा हिशेब बंद पाइपलाइनला लागू पडतो. टॉवरच्या उंचीवर पाणी चढवायचे असेल तर बचत कमी होते. वर्षभर एकच प्रवाह पुरत असेल, तर ड्राइव्हपेक्षा इम्पेलर कातून व्यास कमी करणे स्वस्त पडते.

कॉइलच्या पाण्याचा प्रवाह मात्र भट्टीच्या उत्पादकाने दिलेल्या किमान मर्यादेखाली कधीही नेऊ नये. बचतीची जागा मुख्यतः कॉइलच्या पाण्यापासून वेगळ्या ठेवलेल्या, टॉवरकडे जाणाऱ्या पाण्याच्या फेऱ्यात आहे: थंडीच्या रात्री तिथला पंप आणि पंखा, दोन्ही तापमानाच्या सेन्सरवर मंद चालवता येतात. भट्टी बंद केल्यावरही लायनिंग तासन्‌तास तापलेले असते. त्यामुळे कॉइलमधून पाणी चालू ठेवावे लागते, आणि वीज गेल्यास उंचावरची टाकी किंवा डिझेल पंप तयार असावा लागतो.