रानातील श्वानकुळ आणि शेतकरी

देवपूर व आसपासच्या गावांत कोल्ह्या-लांडग्यांविषयी जे बोलणे चालते, त्यात माहितीपेक्षा रागच अधिक आढळतो. सबब या कुळाची थोडी ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

महाराष्ट्रात या कुळाच्या रानटी जाती चार. पहिला कोल्हा. तो ऊस, मका व टरबुजे यांची नासाडी करतो हे खरे. परंतु पिकास लागणारे उंदीर खातो व मेलेली जनावरेही साफ करतो. दुसरी खोकड. हिलाही पुष्कळ लोक कोल्हाच म्हणतात. पण ही अंगाने लहान, शेपटीचे टोक काळे, माळावर बिळात राहणारी. उंदीर, टोळ, सरडे व बोरे हा तिचा आहार. शेतकऱ्याचे तिच्याइतके बिनपगारी काम क्वचितच कोणी करीत असेल. तिसरा लांडगा. माळ नांगराखाली गेले, हरणे व ससे कमी झाले, तेव्हा तो मेंढरांकडे वळला. चौथा कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा. हा जंगलात टोळीने शिकार करतो व शीळ घालून सोबत्यांस बोलावितो. कुत्र्यास दात ४२, यास ४०. लांडगा व कोळसुंदा या दोहोंचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३१ साली दख्खनमधील नमुन्यांवरून केले.

मेंढरू गेले की मढ्यात विष घालण्याची चाल काही ठिकाणी आहे. त्या विषाने खोकड, गिधाड व आपलाच राखणीचा कुत्राही मरतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे. आमचे आयुष्य पंचनामे लिहिण्यात गेले; म्हणून सांगतो, लांडग्याने जनावर मारल्यास सरकारी भरपाई मिळते, पण मढे जागेवरून हलवू नये व ४८ तासांचे आत वनखात्यास वर्दी द्यावी. रागाच्या भरात मढे हलविले की पुरावा गेला व हक्काचा पैसाही गेला.

आणखी एक. पिसाळलेला कोल्हा मनुष्यास भीत नाही. चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घ्यावी. हळद-चुना भरून घरी बसू नये. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर बहुधा उपाय चालत नाही.

रात्री मेंढरांस पक्का वाडा, राखणीस चांगला कुत्रा आणि बांधावर चार बोरी राखाव्या. एवढ्याने तंटा पुष्कळ मिटेल, असा आमचा भरवसा आहे.