सहीपुरता राजा

इंग्लंडची राज्यपद्धती शिकविताना दरवर्षी एक प्रश्न हटकून निघतो. तेथील राजा स्वतः कायदे करीत नाही, कर बसवीत नाही, मंत्री पुढे ठेवतील त्या कागदावर सही करतो, एवढे सांगून होते न होते तोच मागच्या बाकावरून कोणी तरी उठतो आणि म्हणतो, "मग सर, सहीपुरताच राजा ठेवायचा, तर ठेवायचा तरी कशाला?" प्रश्न पोरकट नव्हे. ह्याच प्रश्नावर मोठमोठ्या राष्ट्रांनी घरोघरची मते घेतली आहेत. यंदा उत्तर अर्धे झाले आणि तासाची घंटा वाजली. उरलेले अर्धे येथे लिहितो.

उत्तरासाठी नॉर्वे व इटली हे दोन देश घेऊ. पहिल्याने सार्वमत घेऊन राजा आणला, दुसऱ्याने सार्वमत घेऊन राजा घालविला.

नॉर्वे १८१४ पासून स्वीडनच्या राजछत्राखाली होता. ७ जून १९०५ रोजी त्याच्या लोकसभेने, म्हणजे स्टोर्टिंगने, हा संबंध तोडला. ऑगस्टात लोकांस विचारले, तेव्हा तोडण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मते पडली आणि विरुद्ध अवघी १८४! आता देश स्वतंत्र झाला. पण त्याला राजा असावा की अध्यक्ष? फ्रान्स व स्वित्झर्लंड सोडले तर युरोपात त्या वेळी प्रजासत्ताके जवळजवळ नव्हतीच, आणि नव्या राष्ट्रास शेजारच्या राजेरजवाड्यांची मान्यता हवी होती. म्हणून पुढाऱ्यांनी डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल ह्यास सिंहासन देऊ केले. कार्ल तेहतीस वर्षांचा आरमारी अधिकारी होता व इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा जावई होता. त्याचे मन वळविण्याच्या कामी ध्रुवप्रदेशाचा सुप्रसिद्ध प्रवासी नान्सेन ह्याचाही हात होता.

दुसरा कोणी असता तर मुकुट पाहून हुरळला असता. कार्लने उलट अट घातली. नॉर्वेत प्रजासत्ताकवादी पुष्कळ आहेत हे मला ठाऊक आहे, तरी लोकांस राजा खरोखरच हवा आहे की नाही हे आधी त्यांनाच विचारा, असे त्याने कळविले. नोव्हेंबरात सार्वमत झाले. २,५९,५६३ जणांनी राजा हवा म्हटले, ६९,२६४ जणांनी नको म्हटले. (मताचा अधिकार तेव्हा फक्त पुरुषांना होता, हे आमच्या विद्यार्थिनींनी ध्यानात ठेवावे.) मग कार्ल हाकोन सातवा हे जुने नॉर्वेजियन नाव धारण करून सिंहासनावर बसला आणि पस्तीस वर्षे निमूटपणे सह्या करीत राहिला. १९२८ मध्ये मजूरपक्षाचे मंत्रिमंडळ प्रथमच आले. ह्या पक्षाच्या कार्यक्रमात राजाला कोण विचारतो! तरी त्याने बिनतक्रार त्यांस पाचारण केले.

आता ९ एप्रिल १९४० ची पहाट. जर्मन आरमार ऑस्लोच्या खाडीत घुसले. किल्ल्यावरील जुनाट तोफांनी व पाणतीरांनी ब्ल्यूखर ही मोठी युद्धनौका बुडविली, म्हणून राजा, मंत्री व स्टोर्टिंगचे सभासद ह्यांना आगगाडीने राजधानीतून निघण्यास काही तास मिळाले. दुसऱ्या दिवशी एल्व्हरूम येथे जर्मन राजदूत राजाला भेटला. क्विस्लिंग ह्या हिटलरच्या चेल्यास मुख्य प्रधान नेमा, असे त्याचे मागणे होते. मागणी फक्त एका सहीची होती!

हाकोनने काय केले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्याने "नाही" असा हुकूम सोडला नाही. तसा त्याचा अधिकारच नव्हता. त्याने मंत्रिमंडळास बोलावून सांगितले की, निर्णय तुमचा आहे व त्याचे परिणाम भयंकर होतील हे मी जाणतो. परंतु ज्या माणसावर ना लोकांचा विश्वास ना स्टोर्टिंगचा, त्याची नेमणूक माझ्या हातून होणार नाही. तुम्हांस ती करणे भाग वाटत असेल, तर मी राज्यत्याग करतो. मंत्र्यांनी एकमताने राजाची बाजू घेतली. दुसऱ्या दिवशी जर्मन विमानांनी ते राहत होते त्या खेड्यावर बाँब टाकले, आणि सदुसष्ट वर्षांचा राजा बर्फाने झाकलेल्या रानात झाडांच्या आडोशाला उभा राहिला. ७ जून १९४० रोजी तो इंग्लंडला निघून गेला. मागे राहिलेले लोक भिंतीवर व रस्त्यातील बर्फावर त्याच्या नावाचे आद्याक्षर व सातचा आकडा काढीत. तो परत आला तो दिवसही ७ जूनच, सन १९४५.

इटलीचा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल १९०० मध्ये, बापाचा खून झाल्यामुळे, गादीवर आला. तोही बहुतांशी सहीपुरताच राजा. १९२२ च्या ऑक्टोबरात मुसोलिनीचे काळे सदरेवाले रोमवर चालून येऊ लागले. तेव्हा मुख्य प्रधान फाक्ता ह्याने २८ तारखेस सकाळी लष्करी कायद्याचे फर्मान राजापुढे ठेवले. राजाने सही नाकारली. यादवी माजेल ही धास्ती त्यास वाटली असावी, सैन्याचीही खात्री नसावी. मनातले कोण सांगणार? फळ मात्र सर्वांस दिसले. ज्यास अडवावयाचे तोच मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या आगगाडीने, सुखाने झोपून, रोमला आला आणि मुख्य प्रधान झाला.

पुढे ह्याच राजाची लेखणी मोकळी सुटली. १९३८ मध्ये यहुदी प्रजाजनांस शाळांतून व नोकऱ्यांतून हाकलणारे कायदे आले; त्यांवर सही. १९४० मध्ये युद्ध, त्यासही संमती. १९४३ च्या जुलैत, सर्व बुडत आल्यावर, त्याने मुसोलिनीस काढून टाकले खरे. पण ८ सप्टेंबरला तहाची बातमी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे राजा, त्याचे कुटुंब व नवा प्रधान बादोल्यो रोम सोडून आद्रियातिक किनाऱ्याकडे निघाले व गलबताने ब्रिंदिझीस गेले. सैन्यास स्पष्ट हुकूम कोणीच दिला नव्हता. लाखो इटालियन शिपाई जर्मनांच्या बंदिवासात पडले.

त्यानंतरची वीस महिने चाललेली लढाई आपल्यास अगदीच परकी नव्हे. इटलीच्या डोंगरांत मराठा पलटणीही लढत होत्या. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. राजाने सोडून दिलेल्या भूमीसाठी कोकणातील एका तरुणाने प्राण द्यावे, हा इतिहासाचा विचित्र हिशेब आहे.

२ व ३ जून १९४६ रोजी इटलीने मते दिली. देशव्यापी मतदानात स्त्रिया प्रथमच आल्या. महिनाभर आधी म्हाताऱ्या राजाने मुलासाठी, उंबेर्तोसाठी, गादी सोडून पाहिली होती. उपयोग झाला नाही. प्रजासत्ताकास १,२७,१७,९२३ मते मिळाली, राजास १,०७,१९,२८४. म्हणजे शंभरांत चोपन्न आणि शेचाळीस. फरक फार मोठा नव्हे. आणि मते पडली तीही प्रांतवार. उत्तरेकडील ट्रेंटोत शंभरांत पंच्याऐंशी मते प्रजासत्ताकास, तर दक्षिणेकडील नेपल्समध्ये पाचांपैकी जवळजवळ चार मते राजास. ह्याची कारणे अनेक आहेत. पण जर्मन टाचेखाली वीस महिने भरडली गेली ती उत्तर, हे एक कारण डोळ्यांआड करता येत नाही.

येवढे ऐकून मागच्या बाकावरील आमचा मित्र म्हणेल, "मग ठरले. हाकोन चांगला, म्हणून राजा ठेवावा." त्याने घाई करू नये. हाकोन हा राजेशाहीचा उत्तम वकील खरा, पण त्याला लोकांनी मते देऊन निवडले होते! व्हिक्टर इमॅन्युएल मात्र जन्माने राजा झाला. राजेशाहीचा सर्वांत चांगला दाखला निवडणुकीचाच गुण गातो, ही गंमत आहे.

उलट, प्रजासत्ताकवाद्यांनीही छाती फुगवू नये. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलरला जर्मनीचा प्रधान नेमणारी सही कोणा राजाची नव्हती. ती अध्यक्ष हिंडेनबुर्ग ह्याची होती, आणि त्यास लोकांनी आदल्याच वर्षी पुन्हा निवडून दिले होते. जी सही करण्यास एका राजाने एल्व्हरूमनंतर नकार दिला, तीच निवडलेल्या अध्यक्षाने बर्लिनमध्ये केली.

तरीही मजपुरते विचाराल तर माझे मत प्रजासत्ताकाच्या बाजूने पडेल. व्हिक्टर इमॅन्युएल सेहेचाळीस वर्षे राजा राहिला, आणि त्याची चूक दिसू लागल्यावर ती सुधारण्याचा राजरोस मार्ग लोकांपाशी नव्हता. देश धुळीस मिळेपर्यंत त्यांस वाट पाहावी लागली. अध्यक्षाची मुदत निदान संपते. नॉर्वेतील माणसास मात्र मी हा उपदेश करावयास जाणार नाही. तेथील स्टोर्टिंगमध्ये प्रजासत्ताकाचा ठराव वारंवार येतो, मोठ्या मताधिक्याने फेटाळला जातो, आणि सभासद चहाला उठतात. प्रश्न विचारण्याची मोकळीक जेथे इतकी आहे, तेथे राजा फारसा जड होत नसावा.

इटलीने ती सहीची लेखणी मोडली नाही, दुसऱ्याच्या हाती दिली. १ जानेवारी १९४८ पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने अध्यक्षाची मुदत सात वर्षांची केली, त्याच्या सहीजवळ मंत्र्याची सही आवश्यक ठरविली, आणि प्रजासत्ताकाचे स्वरूप घटनादुरुस्तीनेही बदलता येणार नाही असे १३९ व्या कलमात लिहून ठेवले. माजी राजे व त्यांचे पुरुष वंशज ह्यांस देशात पाऊल ठेवण्यास मनाई झाली. ती २००२ मध्ये उठली. उंबेर्तोस त्याचा उपयोग नव्हता. तो १९८३ मध्ये जिनिव्हात वारला होता. त्याचा बाप ही घटना अमलात येण्याच्या चार दिवस आधी ईजिप्तमधील अलेक्झांड्रियात मरण पावला. त्याच्या अस्थी सत्तर वर्षांनी, २०१७ च्या डिसेंबरात, विमानाने स्वदेशी आणल्या, आणि त्या रोमला न नेता पीदमाँतमधील एका आडगावच्या देवालयात ठेवल्या.