घरच्या दुधासाठी शेळी कोणती?

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, फार तर अर्थकारण यांवर बोलण्याची वहिवाट आहे. तेथे शेळीसारख्या बापुड्या जनावरास आणून उभे केलेले काही श्रोत्यांस रुचणार नाही. परंतु आम्ही कामगार संघटनेत वावरणारे. लोक आमच्याकडे पुस्तकातले प्रश्न घेऊन येत नाहीत. पगार, बोनस, भविष्यनिर्वाह निधी यांच्या जोडीला गेली काही वर्षे आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो: "दादा, कंपनीने हिशेब चुकता केला. चार पैसे हाती आले आहेत. घरापुरत्या दोन शेळ्या घ्याव्या म्हणतो. कुठल्या घेऊ?" हा मनुष्य चैनीसाठी शेळी घेत नसतो. घरात दोन लहान मुले, पिशवीच्या दुधाचा भाव दरसाल चढता, आणि हातातील रक्कम पुन्हा मिळणार नाही अशी. तेव्हा त्याला नीट विचार करून उत्तर दिले पाहिजे.

म्हैस का नाही, शेळीच का, हे पनवेलकरांस फोड करून सांगावयास नको. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पनवेल, उरण व ठाणे परिसरांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन होऊ लागल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, तो इतिहास येथे सर्वांना पाठ आहे. भाताची खाचरे गेली त्याबरोबर पेंढा गेला, गुरचरण गेले, आणि या दोहोंवर उभी असलेली म्हैसही दावणीवरून गेली. २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली. अनेक गावे शहरात आली, पण घरामागचे परसू आणि त्यातला फणस काही ठिकाणी शिल्लक राहिला. एवढ्या जागेत म्हैस मावत नाही, शेळी मावते. (शहराच्या हद्दीत असाल तर पालिकेकडे आधी विचारावे, आणि शेजाऱ्यांकडेही. पालिकेपेक्षा शेजारी अधिक कडक असतात!)

आता जातीचा प्रश्न. मनुष्य प्रथम काय करतो? कोणत्या जातीची शेळी किती लिटर दूध देते याचा तक्ता पाहतो आणि सर्वांत वरच्या आकड्यावर बोट ठेवतो. त्या तक्त्यात स्वित्झर्लंडची सानेन सर्वांत वर असते. दिवसास तीन लिटर आणि त्याहूनही जास्त. पण ती थंड मुलखातली, फिकट कातडीची. आपल्याकडचे ऊन तिला सोसत नाही. म्हणून तिला सोडून गिऱ्हाईक जमनापारीवर येते. उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात, यमुना आणि चंबळ या नद्यांच्या मधल्या चकरनगरच्या मुलखातली ही शेळी. उंच, लोंबत्या लांब कानांची, पोपटासारख्या बाकदार नाकाची. इंग्रजांनी हिचे रक्त विलायतेस नेऊन तेथील अँग्लो-न्युबियन ही नामांकित जात तयार केली. आपल्या मुलखात ती एका वेतास दोनशे लिटरच्या आसपास दूध देते, यात खोटे काही नाही. परंतु ती झुडपांचा पाला ओरबाडत मैलोन्‌मैल हिंडणारी आहे. परसात बांधून घातली की तिचा जीव रमत नाही. आणि तिची जी भारी किंमत आपण मोजतो तीत दुधाचा भाग किती, हेही पाहावे. उंची आणि कान यांना बकरी ईदच्या बाजारात मोल येते, त्या हौसेचा भाव दुधाच्या गिऱ्हाइकाकडून वसूल होतो. गावठी दोन-तीन शेळ्या येतील एवढ्या पैशांत एक जमनापारी घ्यावयाची आणि आषाढात ती खोकू लागली की डॉक्टर शोधत फिरावयाचे, हा सौदा कामगाराच्या घराला परवडणारा नव्हे.

आषाढ म्हणालो ते मुद्दाम. पनवेलला शेळीची खरी परीक्षा घेतो तो पाऊस. शंभर इंचांच्या घरात पडणारा, चार महिने जमीन ओली ठेवणारा हा पाऊस शेळीच्या मूळ स्वभावाच्या विरुद्ध आहे. ती कोरड्या, खडकाळ मुलखातील प्राणी. ओल्या जमिनीवर तिचे खूर सडतात, ओल्या गवताबरोबर पोटात जंत जातात, कोंदट जागेत फुप्फुसे धरतात. याचा उत्तम पुरावा कोणत्याही ग्रंथात शोधावयास नको; तो दरवर्षी आपल्या डोळ्यांसमोरून चालत जातो. देशावरचे धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरतात, कोकणातल्या मोकळ्या खाचरांत बसवतात, आणि मृगाच्या आत पुन्हा घाट चढून जातात. त्या कळपात मेंढ्यांबरोबर मोजक्या शेळ्या असतात, त्या कशासाठी? तर बिऱ्हाडाच्या घरच्या दुधासाठी! म्हणजे आज आपण ज्या प्रश्नाचा खल करीत आहो, तोच प्रश्न या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवून पाहिला आहे. आणि त्यांचे उत्तर स्वच्छ आहे: देशावरची शेळी कोकणात आठ महिने ठीक, पावसात नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, शेळी दुधाच्या आकड्यावरून निवडू नये, पावसावरून निवडावी. आणि पावसात टिकणाऱ्यांतून मग दुधाची पाहावी.

या कसोटीवर महाराष्ट्रातील जाती लावून पाहू. उस्मानाबादी ही मराठवाड्याची, बहुधा काळी, काटक. तिला जुळी करडे पुष्कळदा होतात. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, शेळीचे नाव तेच राहिले. मटणासाठी ती उत्तम, दूध मात्र करडांपुरते आणि वर चहापुरते. संगमनेरी ही नगर, नाशिक, पुणे या भागांतली, अनेकदा पांढरी. दुधाला उस्मानाबादीच्या बरोबरीची किंवा थोडी सरस, रोजचे लिटरभर देणारी भेटते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तिच्यावर बरेच काम झाले आहे. पण या दोघीही घाटमाथ्यापलीकडच्या, कोरड्या हवेच्या. कोकणची स्वतःची म्हणून ओळखली गेलेली जात एकच, सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ. काळे अंग आणि तोंडावर नाकपुड्यांपासून कानांपर्यंत दोन पांढरे पट्टे, ही तिची खूण. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तिचा अभ्यास करून तिला जातीचा मान मिळवून दिला. पावसाची तिला भीती नाही, पण तीही मुख्यतः मटणाची; दूध बेताचेच. आणि माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांवर दिसतात त्या लहान चणीच्या गावठी शेळ्या? त्यांना जात नाही, तक्त्यात नाव नाही. पाऊस मात्र त्या आजोळघरासारखा मानून घेतात.

बाहेरच्यांपैकी दोघींचा विचार करण्याजोगा आहे. बरबरी ही आग्रा-मथुरेकडची, ठेंगणी, उभ्या कानांची, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपक्यांची. उत्तरेकडील शहरांच्या गल्लीबोळांत पिढ्यान्‌पिढ्या बांधून वाढलेली असल्यामुळे ती खऱ्या अर्थाने नागरिक शेळी आहे. थोडक्या जागेत राहते, लिटरभर दूध देते. फक्त तिला कोरडी हवा ठाऊक. तिच्यासाठी गोठा चांगला हवा. दुसरी सुरती. सुरत, भडोच, बडोदे या पट्ट्यातली, पांढरी, मध्यम बांध्याची, भरदार कासेची. फार चालणे तिला जमत नाही असे तिच्याविषयी सांगतात, आणि परसातल्या माणसाला तोच गुण वाटावा! चांगली सुरती दीड-दोन लिटरही देते. सुरतेचा पाऊस पनवेलच्या निम्म्याहून कमी आहे खरा. पण समुद्रकाठची दमट हवा तिच्या परिचयाची आहे.

तेव्हा पनवेलच्या घरासाठी आम्ही सुचवतो ते हे. पैसा बेताचा असेल तर दोन चांगल्या गावठी शेळ्या घ्याव्यात आणि त्यांना सुरती बोकड दाखवावा. आईकडून पावसाची सोसणी आणि बापाकडून कास, अशी जी पाठ जन्मेल ती आपल्या परसातच लहानाची मोठी झालेली असेल. तिच्याइतकी भरवशाची शेळी बाजारात मिळणार नाही. दीड-दोन वर्षे थांबावे लागते, हा त्यातला कमीपणा. ज्यांना थांबणे शक्य नाही त्यांनी सुरती घ्यावी, पण कोकणात किंवा ठाणे-पालघरच्या बाजूला एक पावसाळा काढलेली घ्यावी, आणि दिवाळीच्या सुमारास घ्यावी. मे महिन्यात शेळी आणणे म्हणजे तिला ओळखीपाळखीशिवाय पावसाच्या हवाली करणे होय.

दोनच का, एक का नको? एक तर एकटी शेळी ओरडून घर डोक्यावर घेते. दुसरे, हिशेब. शेळी पाच महिने गाभण राहते आणि आपल्याकडच्या जाती एका वेतास चार-पाच महिने दूध देतात. दोघी आलटूनपालटून व्याल्या तरच घरात दूध बारमाही राहील. दिवसास सरासरी लिटर देणारी शेळी दीडशे दिवसांत दीडशे लिटर देईल. दोन करडांचा वाटा वजा जाता घरात शंभराच्या आसपास येईल. दोन शेळ्यांचे वर्षाला दोनशे, म्हणजे रोजचे अर्ध्या लिटरच्या थोडे वर. एवढेच. दोन शेळ्यांवर रोज चार लिटरांचे स्वप्न दाखवणारा मनुष्य शेळ्या विकणारा असतो, पाळणारा नसतो. हा अर्धा लिटर आणि वर्षाकाठी विकावयास तीन-चार करडे, यांवर ज्याचे समाधान आहे त्याने या वाटेस जावे.

खरेदीच्या वेळी जातीपेक्षा ती समोरची शेळी पाहावी. पहिल्या वेताची नको, दुसऱ्या-तिसऱ्या वेताची हवी. तोंड उघडून दात मोजावेत: चार किंवा सहा मोठे दात आलेली शेळी दोन-तीन वर्षांची असते, आठही आले असतील तर साडेतीन-चारच्या पुढची. बाजारात धार न काढता कास तुंबवून आणण्याची लबाडी जुनी आहे. म्हणून संध्याकाळी समोर पूर्ण धार काढून घ्यावी आणि पुढच्या सकाळ-संध्याकाळचे दूध मापावे. पिळल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबली पाहिजे. तशीच गच्च राहिली तर ते मांस, दूध नव्हे. दोन्ही सड सारखे, कुठे गाठ नसलेले असावेत.

घरी आणल्यावर पहिला खर्च शेळीवर नको, तिच्या पायाखालच्या जागेवर करावा. जमिनीपासून दोन-तीन हात उंच, लाकडी किंवा बांबूच्या पट्ट्यांचे माचाण. पट्ट्यांमध्ये बोटभर फट, म्हणजे लेंड्या आणि मूत खाली पडते आणि शेळी कोरडी राहते. एका शेळीला दहा-बारा चौरस फूट पुरतात. पावसात चरावयास सोडू नये. पाला तोडून, पाणी निथळवून, उंच टांगून द्यावा. फणसाचा पाला शेळीला जिलबीसारखा आहे. शेवगा, हादगा, शेवरी कुंपणाला लावता येतात. सुबाभूळही चालते, पण नुसती तीच देऊ नये, एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक नको. रोज तीन-चार किलो हिरवा पाला, थोडा वाळला चारा, पाव किलो खुराक, आणि दुभतीला त्याहून थोडा जास्त. पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी पावसाआधी टोचून घ्याव्यात, जंताचे औषधही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना हे काम करतो.

दुधाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण शेळीच्या दुधाभोवती भाबड्या कल्पना फार. गांधीजींनी १९१२ मध्ये दूध वर्ज्य केले. १९१८ च्या आमांशानंतर त्यांना हवापालटासाठी आपल्या शेजारच्या माथेरानला नेले, पण तेथील जड पाणी मानवले नाही. पुढे १९१९ च्या आरंभी मुंबईत डॉ. दलालांनी दुधाचा आग्रह धरला आणि शेळीच्या दुधाची तोड कस्तुरबांनी सुचवली. व्रत घेतेवेळी मनात गाय-म्हैसच होती, या आधारावर ते त्यांनी स्वीकारले. त्यात व्रताचा आत्मा गेला ही खंतही त्यांनी लिहून ठेवली. त्यांनी ते औषध म्हणून नव्हे, अन्न म्हणून घेतले होते. हल्ली डेंग्यूची साथ आली की रक्तातील पेशी वाढतात म्हणून हेच दूध अवाच्या सवा भावाने विकले जाते. त्याला वैद्यकीय पुरावा नाही. वर्षाच्या आतील बाळाला निव्वळ या दुधावर ठेवू नये. त्यात फोलिक आम्ल फार थोडे, बाळाचे रक्त कमी होते. गाईच्या दुधाची ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला हेही बाधू शकते. आणि कच्चे कधीही पिऊ नये. माल्टा बेटावर इंग्रज सैनिकांना सतावणारा ताप शेळीच्या दुधातून येतो हे झॅमिट या डॉक्टरने १९०५ साली दाखवून दिले. तो रोग आपल्याकडेही आहे. गाभडलेल्या शेळीची घाण उघड्या हाताने काढू नये, घरातील गरोदर बाईने तर मुळीच नाही.

राहता राहिला बोकड. दोन शेळ्यांसाठी तो बाळगणे वेडेपणाचे. खातो जास्त, आणि त्याचा उग्र वास जवळच्या दुधाला लागतो. आठ-दहा घरांनी मिळून एक सुरती बोकड घ्यावा, एका घराने सांभाळावा, बाकीच्यांनी वर्गणीने खुराक द्यावा. संघटना केवळ कारखान्याच्या फाटकावरच करता येते असे नाही. शेळी माजावर आल्याची तारीख, बोकड दाखवल्याची तारीख आणि विण्याची तारीख एका वहीत लिहावी. शेळी एकवीस दिवसांत पुन्हा माजावर आली तर गाभण राहिली नाही असे समजावे. आणि त्याच्या मुली वयात येण्याच्या आत तो बोकड विकून शेजारच्या गावाशी बदली करावा.