बॅनर उतरल्यावर

चौथीच्या वर्गातले बाक भिंतीला सारलेले. फळ्यावर कालची वजाबाकी तशीच, आणि तिच्या शेजारी खिळ्याला टांगलेला पांढरा तक्ता. तक्त्यावर एकच इंग्रजी अक्षर आहे, 'ई'. वर मोठं, खाली बारीक होत गेलेलं आणि चारी दिशांना तोंडं केलेलं. ज्यांनी पाटी कधी धरली नाही त्यांच्यासाठी हा तक्ता. "माय, याचे दात कोणीकडं हायेत, हातानं दाखवा," असं तपासणारा मुलगा सांगतो. आजी एका डोळ्यावर पदर दाबतात आणि हात उजवीकडं करतात. पुढच्या आजीही उजवीकडंच करतात. तिसऱ्या आजींनीही तोच हात केला, की मुलाच्या लक्षात येतं: यातल्या एकीलाही तक्ता दिसत नाही, प्रत्येकीनं आधीच्या बाईचा हात पाहून ठेवलाय. तेवढं जवळचं दिसतं अजून.

बाहेर व्हरांड्यात बॅनर असतो. मधोमध क्लबचं चिन्ह, दोन्ही बाजूंना अध्यक्ष आणि सचिवांचे फोटो, वर 'भव्य मोफत नेत्रतपासणी व मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबीर'. 'भव्य' हा शब्द वगळून छापलेला बॅनर मी तरी पाहिलेला नाही.

ही शाळा हट्ट्याची. हट्टा हे हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातलं गाव. इथं स्वतःचं पोलीस ठाणं आहे, पण तालुक्याच्या कामाला वसमत आणि मोठ्या दुखण्याला परभणी नाहीतर नांदेड. पूर्णेच्या कालव्यांनी या भागात ऊस आणि हळद आणली, पैसाही थोडाफार आणला, डोळ्यांचा डॉक्टर मात्र आणला नाही. हट्ट्याच्या मापाच्या गावांना सेवाभावी क्लब भेटतो तो साधारणपणे असा: वर्षातून एखादा दिवस, शाळेच्या वर्गात, पाहुण्यासारखा. क्लब स्वतः राहतो तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. तिथला दवाखानेवाला, औषधदुकानदार, कापड दुकानदार, वकील, प्राध्यापक, बियाणं-खताचा व्यापारी अशी त्याची सभासदयादी असते.

ही मंडळी ओळखायची खूण म्हणजे लग्नपत्रिका. नावाआधी 'रो.' असेल तर गृहस्थ रोटरीचे, 'ला.' असेल तर लायन्सचे. त्याही आधी 'एमजेएफ' असेल तर त्यांनी लायन्सच्या आंतरराष्ट्रीय निधीला हजार डॉलर दिलेले असतात किंवा त्यांच्या नावानं दुसऱ्या कुणी दिलेले असतात. मेल्विन जोन्स फेलो याचं ते लघुरूप. रोटरीतही याच रकमेला पॉल हॅरिस फेलो होता येतं. आपल्याकडे पाटील, देशमुख, गुरुजी या उपाध्या फुकट मिळतात; या मोजून घ्याव्या लागतात, एवढाच फरक.

थट्टा बाजूला ठेवू. पॉल हॅरिस हा शिकागोचा वकील. 23 फेब्रुवारी 1905 रोजी त्यानं तिघांना एकत्र बसवलं: एक कोळशाचा व्यापारी, एक खाणअभियंता, एक शिंपी. मोठ्या शहरात ओळखीचं कुणी नाही, म्हणून हा खटाटोप. बैठक दर वेळी दुसऱ्याच्या कचेरीत भरायची, आळीपाळीनं फिरायची, म्हणून नाव पडलं रोटरी. आपल्या बायका भिशी फिरवतात तीच रीत. धंद्याची ओळख वाढवणं हा मूळ हेतू होता आणि तो त्यांनी लपवला नाही. सेवा मागाहून आली. त्या क्लबनं पहिलं लोकोपयोगी काम हाती घेतलं ते 1907 साली, आणि ते होतं शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह बांधून घेण्याचं. आपल्या बसस्थानकांवर थांबावं लागलेल्या कुठल्याही बाईला या कामाचं मोल समजावून सांगायला नको. भारतात रोटरी आली ती कोलकात्यात, 1919-20 मध्ये. मुंबईत 1929, पुण्यात 1936.

लायन्सची कुळकथा थोडी वेगळी. विमा व्यवसायातला मेल्विन जोन्स, साल 1917, गाव पुन्हा शिकागोच. 1925 मध्ये ओहायो राज्यात त्यांचं अधिवेशन भरलं, तिथं हेलन केलर भाषणाला आल्या. दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेल्या या बाईंनी सिंहांना विनंती केली की अंधांच्या बाजूनं लढणारे शिलेदार व्हा. तेव्हापासून डोळे हे लायन्सचं घरचं काम झालं. 1956 साली मुंबईत पहिला भारतीय लायन्स क्लब निघाला आणि पुढं ते काम तालुक्यातालुक्यात पोचलं. हट्ट्याच्या आजी ज्या तक्त्यासमोर बसतात त्याचा धागा असा ओहायोपर्यंत जातो. आजींना त्याचं काही पडलेलं नाही. त्यांना सुईत दोरा ओवायचाय.

मोतीबिंदूचं प्रकरण मोठं आहे. 2015 ते 2019 या काळात देशात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाचं 66.2 टक्के कारण मोतीबिंदू निघालं. म्हणजे तीन आंधळ्यांतले दोघं पाऊण तासापेक्षा कमी वेळाच्या शस्त्रक्रियेनं पाहू लागतील असे. आणि हे सरकारला ठाऊक नव्हतं असं नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 चा आहे. अडतं ते टेबलावर नाही. अडतं घर ते टेबल या वाटेत, आणि क्लबची खरी उपयुक्तता याच वाटेवर आहे.

ही वाट कशी असते ते सांगतो. आधी दवंडी, आता ती ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून किंवा व्हॉट्सअॅपवरून होते. सोयाबीन निघाल्यावर आणि हळद काढायच्या आत तारीख धरावी लागते, नाहीतर आजीला आणून सोडायला घरात कुणी मोकळं नसतं. थंडीतच डोळा करायचा हा जुना समजही त्याच काळाकडं ढकलतो. मग तपासणी. बॅटरी, थेंब, रक्तदाब, साखर. साखर वाढलेली निघाली की नाव मागं पडतं आणि आजी रुसतात, कारण शेजारीण तर निघाली. निवड झालेल्यांची यादी, आधारकार्डाची झेरॉक्स, ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्या बाजूला कपाळावर चिकटपट्टी. मग क्रूझर किंवा क्लबच्या कुणा सभासदाच्या शाळेची बस. आजींच्या पिशवीत दोन लुगडी, चटणी-भाकर आणि तंबाखूची डबी. डबी डॉक्टर काढून घेणार हे माहीत असूनही ती असते.

"अजून पिकला नाही," हे वाक्य या गर्दीत हमखास ऐकू येतं. एके काळी ते बरोबर होतं. मोतीबिंदू पूर्ण पिकून डोळा पांढरा झाला की आख्खं भिंग बाहेर काढायचे आणि मग जन्मभर बाटलीच्या बुडासारख्या काचांचा चष्मा. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी 1949 साली डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं, पण ते गरिबाला परवडण्याजोगं व्हायला आणखी चार दशकं गेली. 1992 मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबनं देशातच भिंगं बनवायला घेतली आणि परदेशी भिंगाच्या किमतीच्या अगदी लहान हिश्शात ती मिळू लागली. आता पिकायची वाट पाहायची गरज राहिलेली नाही, उलट फार पिकला तर काढायला अवघड जातो. गोष्ट बदलली, वाक्य तेच राहिलं.

आणखी एक बदल झाला, तोही चांगला. पूर्वी शस्त्रक्रियाच शाळेत व्हायच्या. वर्गात टेबलं मांडून, एकामागून एक. जंतुसंसर्ग झाला की पाहू लागायला आलेला माणूस डोळाच गमावून जायचा. 1994 पासून जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्रही होता. त्या काळापासून शाळेत फक्त तपासणी आणि शस्त्रक्रिया रुग्णालयातच, ही रीत रुळत गेली.

आमची चुलत आजी त्या जुन्या पद्धतीतली. शाळेतच डोळा झाला. चार दिवस हिरवं फडकं, मग जाड काचांचा चष्मा. चुलीपुढं बसायचं नाही, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. तिनं सगळं पाळलं आणि सहा आठवड्यांनी तांदळातले खडे स्वतः निवडले. पुढच्या वर्षी गोठ्यात पाय घसरून चष्मा फुटला. भिंग नसलेला डोळा चष्म्याशिवाय काही कामाचा नसतो. ज्या क्लबनं शिबीर घेतलं होतं त्याच्याकडं माझे चुलते गेले, तर अध्यक्ष बदललेले. नव्या अध्यक्षांचा भर त्या वर्षी वृक्षारोपणावर होता. सौजन्यानं बोलले, चहा पाजला. चष्म्याला पाच महिने लागले, तोवर आजी पुन्हा भिंत धरून चालत होती. मला कुणाचा राग नाही. पण क्लब या यंत्राचा एक सांधा कुठं ढिला आहे ते मला तेव्हा कळलं.

क्लबचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. आपल्याकडं पेरण्या चालू असताना तिकडं पदग्रहण सोहळा असतो. घंटा, कॉलर, हारतुरे, मागच्या वर्षीच्या कामाची फिल्म. एका माणसाच्या हाती सत्ता साचू नये म्हणून ही वार्षिक अदलाबदल, आणि ती शहाणपणाची आहे. आपल्या कित्येक संस्था त्याच त्या खुर्चीखाली कुजल्या. पण याच नियमामुळं प्रत्येक अध्यक्षाला स्वतःचं काहीतरी हवं असतं. आधीच्याचं काम पुढं चालवण्यात फोटो नाही. रोपं लावली जातात, पाणी घालायचं वर्ष दुसऱ्याचं असतं. ज्या क्लबांनी स्वतंत्र विश्वस्त संस्था काढून रुग्णालय किंवा रक्तपेढी तिच्या हाती दिली, त्यांचं काम टिकलं, कारण तिथं पगारी माणूस आणि नोंदवही असते.

पोलिओच्या कामाची गोष्ट म्हणूनच मला मोठी वाटते. रोटरीनं 1985 मध्ये जगभरातला पोलिओ संपवायचं ठरवलं. त्यानंतर तीसपेक्षा जास्त अध्यक्ष बदलले, विषय बदलला नाही. भारतात पल्स पोलिओ 1995 ला सुरू झाला. शीतपेटी खांद्याला लावून अंगणवाडीताई दारोदार गेल्या, डाव्या करंगळीच्या नखावर शाई लावली, दारावर खडूनं खुणा केल्या. क्लबांनी बूथवर माणसं बसवली, टोप्या-फलक पुरवले, चहा-नाश्ता पाहिला. श्रेय मुख्यतः त्या ताईंचं, हे रोटरीवालेही मान्य करतील. पण दर फेरीला पुन्हा बूथवर येऊन बसणं, लस नको म्हणणाऱ्या घरी पुन्हा जाणं, हे कंटाळवाणं काम वर्षानुवर्षं चाललं. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. ज्याच्या पायात कॅलिपर आहे असं लहान पोर आता गावात दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीचा बॅनर लावता येत नाही.

आपल्या भागाला सेवा शिकागोनं शिकवली असं मात्र कुणी समजू नये. नामदेवांची नरसी याच जिल्ह्यात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातल्या लंगरात दवाखान्याला आलेले आमच्याकडचे कितीतरी लोक जेवतात आणि तिथं कुणी त्यांचं नाव विचारत नाही. सप्ताहाच्या काल्याला घराघरातून पीठ गोळा होतं, वाढायला तरुण मंडळ असतं. याच जिल्ह्यातल्या कडोळीचे समाजसेवक नानाजी देशमुख 2010 साली गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देह वैद्यकीय शिक्षणासाठी दिला गेला. आपल्याकडं जेवू घालण्याची परंपरा दांडगी आहे. यादी, तारीख, फेरतपासणी, गाडीचा हिशेब हे अंग कच्चं आहे. ते क्लबवाल्यांना बऱ्यापैकी जमतं. सप्ताहाचं तरुण मंडळ आणि तालुक्याचा क्लब एकत्र आले, तर निम्मी अडचण सुटेल असं माझं मत आहे. आजी शाळेत आणायचं काम मंडळाचं, रुग्णालयाशी बोलायचं क्लबचं, आणि दोघांकडंही एकच वही.

बायकांबद्दल एक वाक्य लिहायलाच हवं. 1987 पर्यंत या दोन्ही संघटनांत स्त्रियांना सभासदत्व नव्हतं. आता आहे, पण लहान गावांच्या व्यासपीठावर अजून त्यांना हार आणायलाच बोलावतात. तपासणीच्या रांगेतही आजोबा मुलाबरोबर येतात आणि आजी शेजारणीबरोबर.

तेव्हा हट्ट्यात किंवा आपल्या गावात पुढच्या वेळी शाळेवर बॅनर दिसला, तर दोन कामं करा. घरातल्या किंवा गल्लीतल्या आजीला 'पिकला नाही' म्हणून मागं राहू देऊ नका, सोबत जा. आणि परत आल्यावर कार्डावरची फेरतपासणीची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा. त्या दिवशी क्लबची गाडी आली तर ठीक, नाही आली तर वसमतची एसटी आहे.