हद्द बदलते, हक्काचे काय?

बावधन नावाची दोन गावे एकमेकांना खेटून आहेत. एक खुर्द, दुसरे बुद्रुक. खुर्द म्हणजे धाकटे आणि बुद्रुक म्हणजे थोरले, हे आपण शाळेत शिकलो. सरकारदरबारी मात्र या भावंडांची वाटणी निराळीच झाली. धाकटे आधी पुणे महापालिकेत गेले आणि थोरले मुळशी तालुक्यात, ग्रामपंचायतीच्या छपराखाली राहिले. पुढे कित्येक वर्षे चांदणी चौकातून पौडच्या रस्त्याला लागलेल्या माणसाला आपण शहर सोडून खेड्यात नेमके कुठे शिरलो, हे डोळ्यांनी कळत नसे. दोन्हीकडे सारखेच मजले, सारखीच दुकाने, सारखीच वाहनांची गर्दी. फरक होता तो कागदावर.

३० जून २०२१ रोजी राज्य सरकारने २३ गावे पुणे महापालिकेत घेतली. त्यात मुळशीतली तीन होती: म्हाळुंगे, सूस आणि बावधन बुद्रुक. एका अधिसूचनेने ग्रामपंचायती संपल्या, सरपंच माजी झाले आणि गावकऱ्यांचे नागरिक झाले. पाणी केव्हा येणार, घरपट्टी किती वाढणार आणि जमिनीला भाव काय मिळणार, या तीन प्रश्नांची चर्चा पारावरही झाली आणि वर्तमानपत्रांतही झाली. चौथा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. गावात ज्याला घरच नव्हते, त्याचे पुढे काय झाले?

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. आपल्याकडे गरिबाच्या घराला सरकार मदत करते, पण ती खेड्याला वेगळ्या वाटेने येते आणि शहराला वेगळ्या वाटेने. खेड्यात इंदिरा आवास योजना होती. २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेने घेतली. त्या वेळी सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ भागातल्या घराला १ लाख ३० हजार रुपये ठरले. शिवाय रोजगार हमीतून मजुरीचे दिवस आणि शौचालयाचे वेगळे पैसे. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे जेमतेम २७० चौरस फुटांचे. लाभार्थ्यांची यादी २०११ सालच्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून निघाली आणि ग्रामसभेपुढे पडताळली गेली. कोणाचे नाव कितवे, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. त्या क्रमांकावर लोक मुलांची लग्ने ठरवतात, असे म्हटले तरी फार अतिशयोक्ती होणार नाही.

शहरातली वाट निराळी. २०१५ साली सुरू झालेल्या नागरी योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि महाराष्ट्राचे एक लाख अशी अडीच लाखांची मदत होती. पण त्यासाठी जागेचा निर्वेध कागद हवा आणि मंजूर नकाशा हवा. कर्ज काढून घर घेणाऱ्याला व्याजात सवलत होती. वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आत असणाऱ्यांसाठीची ती सवलत मार्च २०२२ मध्ये बंद झाली. तिसरी वाट म्हाडाच्या सोडतीची. त्यात २०१३ साली एका चांगल्या नियमाची भर पडली. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या महापालिकांत चार हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकराच्या भूखंडावर गृहप्रकल्प उभा राहिला, तर त्यातली वीस टक्के घरे दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी राखायची. बावधन बुद्रुकमध्ये इमारती भराभर उभ्या राहू लागल्या तेव्हा गाव ग्रामपंचायतीत होते आणि हा नियम महापालिकांसाठी होता. गाव शहरासारखे दिसत होते, पण शहराचा कायदा अजून वेशीवरच थांबलेला होता.

आता विलीनीकरणाच्या दिवशी काय होते ते पाहा. गाव शहरात गेले की ग्रामीण योजना तिथे लागू राहत नाही. यादीतला तुमचा क्रमांक अकरावा असो की एकशे अकरावा, ती यादीच आता त्या गावाची राहत नाही. तुम्ही नव्या कार्यालयात नव्याने अर्ज करायचा. तिथे पहिला प्रश्न येतो, जागा कोणाची? जागा नसेल तर सोडतीत भाग घ्या, असा सल्ला मिळतो. सोडत संगणकावर निघते, तिच्यात वशिला चालत नाही, हे तिचे मोठेपण. पण ती साऱ्या महाराष्ट्रातल्या रहिवाशांना खुली असते. म्हणजे ज्या शेतात तुमच्या आईने भात लावला, त्याच शेतावरच्या इमारतीतल्या राखीव घरासाठी तुम्ही राज्यातल्या कोणाही अर्जदाराइतकेच जवळचे किंवा लांबचे. नंबर लागला तरी ठरलेल्या मुदतीत पैसे भरायचे असतात, आणि रोजंदारीवरच्या माणसाकडे बँकेला दाखवायला पगाराची पावती नसते.

बँकेतल्या माझ्या नोकरीत या पावत्यांशी आणि कागदांशी रोजचा संबंध होता. नव्वदच्या दशकात कर्जाच्या टेबलावर बसत असे, तेव्हा मुळशीच्या बाजूचे शेतकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घालून आणत. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांशी झालेले बोलणे अजून कानात आहे.

"साहेब, घर माझं आहे. आज्यापासून घरपट्टी भरतोय. हा बघा नमुना आठ."

"आजोबा, घर तुमचंच आहे, मला ते दिसतंय. पण हा कर भरल्याचा कागद आहे, मालकीचा नाही."

"मग मालकीचा कागद कोण देतं?"

याचे एका वाक्यात देता येईल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते, कारण गावठाणातल्या बहुसंख्य घरांना तसा कागदच नव्हता. शेताला सातबारा असतो, शहरातल्या घराला मिळकत पत्रिका असते. मधल्या गावठाणातल्या घराला असते ती फक्त ग्रामपंचायतीच्या करवहीतली एक ओळ. ही उणीव भरून काढायला २०२० साली स्वामित्व योजना आली. ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम तिच्यातून सुरू झाले. ते मोलाचे काम आहे. पण ड्रोनला घर दिसते. एका घरात तीन भावांच्या तीन चुली मांडलेल्या असतात, त्या दिसत नाहीत.

कागद कोणाचा आणि घाम कोणाचा, हा प्रश्न मुळशीला नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या वीज कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायला घेतले, तेव्हा १९२१ साली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट हे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले. पण त्या लढ्याची एक बाजू आपण सहसा सांगत नाही. बुडणाऱ्या जमिनींपैकी बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या. मोबदला चांगला मिळतो म्हटल्यावर त्यांनी तो घेतला. नांगर धरणाऱ्याला हवी होती जमीन, आणि किंमत ठरली ती कागद धरणाऱ्याशी. वीज मुंबईला गेली, धरणाला मुळशीचे नाव मिळाले, आणि कित्येक कुटुंबे वर डोंगराच्या अंगाला सरकली.

त्या धरणाच्या परिसरात आजही कातकरी कुटुंबे राहतात. महाराष्ट्रातल्या ज्या तीन आदिवासी जमाती विशेष दुर्बल मानल्या गेल्या, त्यात कातकरी एक. नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा जमातींसाठी केंद्राने जनमन नावाची मोहीम सुरू केली. तिच्यात एका घराला दोन लाख रुपये आहेत. पण कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. पैसे मंजूर आणि पाया खणायला जागा नाही, असा पेच तिथे पडतो. जागा विकत घेण्यासाठी राज्य सरकारने पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने वेगळी योजना काढली. सुरुवातीला तिच्यात कमाल ५० हजार रुपये होते. ज्या तालुक्यात बंगल्यांच्या जाहिराती डोंगरमाथ्यापर्यंत पोचल्या आहेत, तिथे ५० हजारांत घराएवढी जागा शोधून दाखवणाऱ्याला मी मोठा इसम म्हणेन.

शहर आणि खेडे या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक प्रदेश आहे. हिंजवडी, माण, मारुंजीला पाहा. आयटी पार्क आला, जगभरचे काम तिथे होऊ लागले, तरी दोन दशकांहून अधिक काळ तिथला कचरा आणि गटारे ग्रामपंचायतीच सांभाळत होत्या. बांधकामाच्या परवानग्यांसाठी २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. म्हणजे रस्त्याचे गाऱ्हाणे एका कार्यालयात, नकाशाचे दुसऱ्यात, घरकुलाचे पौडच्या पंचायत समितीत. या मधल्या पट्ट्यात पहारेकरी, धुणीभांडी करणाऱ्या बायका, वाहनचालक, गवंडी असे हजारो लोक भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात. ते सगळ्यांच्या घरी कामाला असतात आणि कोणाच्याच यादीत नसतात.

आणि हद्द एकदाच बदलते असेही नाही. १९९७ साली ३८ गावे पुण्यात आली. २००१ साली त्यातली काही पुन्हा वगळली गेली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ साली महापालिकेत आली आणि २०२४ साली बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. सात वर्षांत तीन राजवटी! जिथे निवडून दिलेला माणूस जाब देऊ शकला असता, तिथेही पोकळी होती. मुळशीतली तीन गावे शहरात आली त्यानंतर नऊच महिन्यांत, मार्च २०२२ मध्ये, महापालिकेची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार राहिला. माजी सरपंचाकडे सही उरली नव्हती आणि नगरसेवक अस्तित्वात नव्हता. घरासाठी अर्ज करणाऱ्या बाईने दार ठोठावायचे तरी कोणाचे?

शहरे वाढणार, हद्दी सरकणार. ते थांबवता येत नाही आणि थांबवावे असे माझे म्हणणेही नाही. महापालिकेत गेल्याने पाण्याची योजना, दवाखाना, अग्निशमन केंद्र मागण्याचा हक्क मिळतो. माझे मागणे लहान आहे आणि ते बँकेच्या सवयीतून आलेले आहे. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. सिंडिकेटच्या खातेदाराला कोणी सांगितले नाही की, तुमची बँक संपली, आता नव्याने ठेव ठेवा. पाटी बदलली, पुढे पासबुकेही बदलली. शिल्लक मात्र तीच राहिली. विलीनीकरणाचा पहिला नियमच तो आहे. जुन्याची देणी नव्याच्या शिरावर येतात.

गावाच्या विलीनीकरणाला हाच नियम का नसावा? महापालिका ग्रामपंचायतीचे दप्तर ताब्यात घेते, तेव्हा करवही आणि जागांची यादी आठवणीने मागून घेते. त्याच दिवशी घरकुलाची प्रतीक्षा यादीही देणे म्हणून नोंदवली जावी. यादीतल्या प्रत्येक कुटुंबाला महापालिकेने लेखी कळवावे की, तुमचा क्रमांक अमुक होता, शहराच्या योजनेत तुमची जागा आता अमुक आहे. ज्यांच्याकडे जागेचा कागद नाही, त्यांच्यासाठी त्याच गावातल्या राखीव घरांतला एक ठरावीक वाटा काही वर्षे बाजूला ठेवावा. त्यासाठी नवे खाते, नवे मंडळ किंवा नवी इमारत लागत नाही. लागते ती अधिसूचनेच्या मसुद्यात दोन-तीन ओळींची भर आणि त्या ओळी पाळणारा एक अधिकारी.

पुण्याची हद्द उद्या भूगाव ओलांडेल, परवा पिरंगुटला पोचेल. तिथल्या ग्रामसभांच्या याद्यांत आज ज्यांची नावे आहेत, त्यांच्यापुरता हा प्रश्न अजून हातातला आहे. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनी पेन्सिल उचलण्याआधी ती यादी एकदा मागवून वाचावी.