कोऱ्या खोलीच्या दाराशी कोठार

एक नवी लायब्ररी पॅकेज केली आणि तिच्यावर चालणारा प्रोग्रॅम पॅकेज करायचा आहे. लायब्ररी मात्र अजून डेबियनच्या भांडारात पोचलेली नाही. अशा वेळी सगळ्यात जवळची वाट म्हणजे ‘डीपीकेजी’ने ती थेट आपल्या मशीनवर बसवून पुढचं बिल्ड उरकणं. मला ही वाट धोक्याची वाटते. रोजच्या वापरातल्या मशीनवर शेकडो पॅकेजं साचलेली असतात. पॅकेजच्या गरजा नोंदवणाऱ्या कंट्रोल फाइलमध्ये एखादी डिपेंडन्सी लिहायची राहिली, तरी ती आधीच हजर असल्यामुळे बिल्ड बिनबोभाट पार पडतं. चूक उघडी पडते ती परक्याच्या मशीनवर.

म्हणून डेबियनची मंडळी ‘एसबिल्ड’ वापरतात. तो दर बिल्डला कोरी खोली उघडतो, म्हणजे सीएच-रूट. तिथे मूळ सिस्टिम, कंपायलरसारखी ठरलेली साधनं आणि कंट्रोल फाइलमध्ये मागितलेली पॅकेजं, एवढंच असतं. ही पॅकेजं ‘ॲप्ट’ आणतो, आणि ॲप्टला रिपॉझिटरी लागते. म्हणून स्थानिक रेपो उभा करायचा.

तो अगदी साधा असतो: एका फोल्डरमध्ये डेब फायली आणि सोबत ‘पॅकेजेस’ नावाची सूची. सूचीत प्रत्येक पॅकेजचं नाव, आवृत्ती, डिपेंडन्सी, आकार आणि हॅश. ‘डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस’ ती तयार करतो. नवी फाइल टाकून सूची ताजी करायची राहिली, तर ॲप्टच्या लेखी ते पॅकेज नाहीच.

नवखा माणूस हमखास अडतो तो पत्त्यावर. ॲप्टला रेपोचा पत्ता सांगणाऱ्या सोर्सेसच्या ओळीत डिस्कवरचा पत्ता दिला की बाहेर सगळं सुरळीत चालतं, आणि सीएच-रूटमध्ये ॲप्टला तो फोल्डरच सापडत नाही. खोलीला तिचं स्वतःचं मूळ असतं. आपल्या डिस्कचे रस्ते तिला ठाऊक नसतात. मग फोल्डर आत माउंट करावा लागतो किंवा वेब सर्व्हरवरून द्यावा लागतो. एक-दोनच पॅकेजं असतील तर एसबिल्डचा ‘एक्स्ट्रा-पॅकेज’ पर्याय पुरतो. तो आतल्या आत तात्पुरता रेपो मांडून देतो.

२००७च्या डेबियन ४.० पासून ॲप्ट रेपोची सही तपासतो. सोर्सेसच्या ओळीत ‘ट्रस्टेड’ लिहून ती तपासणी टाळता येते. स्वतःच्या डिस्कपुरतं ते चालेल. सहकाऱ्यांना रेपो देणार असाल तर सही कराच.

आवृत्तीच्या आकड्यामागे ‘~’ जोडून स्थानिक खूण लिहावी. डेबियनच्या हिशेबात १.२-३~लोकल१ ही १.२-३ पेक्षा खालची ठरते, त्यामुळे अधिकृत पॅकेज भांडारात आलं की पुढच्या अपग्रेडला ॲप्ट आपलं काढून तेच बसवतो.