गंजाखालची खूण

ताडकळस ज्या परभणी जिल्ह्यात मोडते तो मुलूख १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि या गावाच्या दक्षिणेस उदगीर (१७६०), नैऋत्येस खर्डा (१७९५) व वायव्येस असई (१८०३) ही रणक्षेत्रे असल्यामुळे, अठराव्या शतकातील लष्करी बंदुकांच्या संग्राहकाने मराठवाड्याकडे दुर्लक्ष करणे अक्षम्य ठरेल. उदगीरला मराठ्यांकडून इब्राहिमखानाचे गारदी, म्हणजे युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेले पायदळ, लढले. खर्ड्याला निजामाच्या बाजूने रेमाँ या फ्रेंच सेनानीच्या पलटणी होत्या.

त्या काळी दोन जातींच्या बंदुका शेजारी शेजारी नांदत होत्या. तोड्याच्या बंदुकीत जळती वात रंजकाला, म्हणजे नळीतील दारू पेटवणाऱ्या बारीक दारूला, लावावी लागे. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात आवळलेली गार पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पडे, आणि जळत्या वातीची धास्ती नसल्याने शिपायांना खांद्याला खांदा भिडवून उभे करता येई. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द ब्वान्य याने आग्र्याला अशा बंदुका घडवून घेतल्या, आणि मराठी संग्राहकाच्या दृष्टीने त्यांचे मोल विलायती मालाहून अधिक मानले पाहिजे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकीची नळी ३९ इंच लांब व तिचे तोंड सुमारे पाऊण इंच रुंद असे. चापाशेजारच्या लोखंडी पट्टीवर कंपनीची हृदयाकृती मुद्रा उमटवलेली असे, जिच्या जागी १८०८पासून मागच्या पायांवर उभा असलेला सिंह आला. साहजिकच सिंहाची खूण असलेली बंदूक अठराव्या शतकातील म्हणून विकली जात असेल, तर ग्राहकाने सावध व्हावे. ही खूण उथळ असते, त्यामुळे गंज काढण्याच्या भरात काचकागदाने घासलेली पट्टी चकाकते, पण वस्तूचा पुरावा मात्र कायमचा नाहीसा होतो.

जुन्या नळीत दारू ठासलेली राहून गेलेली असू शकते, म्हणून लाकडी काठी आत सोडून तिची खोली बाहेरून मोजलेल्या लांबीशी ताडून पाहावी, आणि फरक आढळल्यास बंदुकीला हात न लावता जाणकारास बोलवावे.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते व खासगी व्यक्तीस ती परदेशी पाठवता येत नाही. शस्त्र कायद्यातील सूट मात्र दुरुस्त करूनही जी चालणार नाही अशाच जुन्या बंदुकीला मिळते. म्हणून वाड्याच्या अडगळीत अशी बंदूक आढळली, तर भंगारात घालण्याआधी ती कोणत्या घराण्यातून आली याची नोंद करावी, छायाचित्र घ्यावे आणि पोलीस ठाण्यास व पुरातत्त्व विभागास कळवावे.